जादा सतरंज्यांचं व्हाउचर

वाचनालयाचा इतिहास विचारला की आमच्या माळशिरस तालुक्यात कुणीही दाखल नोंदवही पुढे करतो. मी आधी व्हाउचरची फाईल मागतो. बरीच वर्षं एका वाचनालयाचा हिशेब लिहिला, त्याची ही खोड. पुस्तकं किती आली ते नोंदवहीत असतं. माणसं कशासाठी आली ते मांडव, लाउडस्पीकर, चहा आणि वक्त्याच्या एसटी भाड्याच्या पावत्यांत सापडतं. आमच्या फाईलीत ‘जादा सतरंज्या’ असं एकच व्हाउचर आहे, तेही कुठल्या साहित्यिकाच्या व्याख्यानाचं नाही, भारुडाच्या रात्रीचं. त्या रात्री बायका मावल्या नव्हत्या.

व्याख्यानमालेची रीत शहरातली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिचं अनुकरण गावोगाव झालं. पण ऐकण्याचा सराव आमच्याकडे त्याच्याही आधीचा. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरीला जाते, आणि मुक्काम म्हटला की कीर्तन आलंच. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीला अभंगाचं चरण चुकलेलं लगेच कळतं. अशा लोकांपुढे वक्त्याने कागद काढून वाचायला सुरुवात केली, की मागची रांग विडी ओढायला बाहेर.

वाचता न येणाऱ्याचं वाचनालयात काय काम, हा प्रश्न सयाजीरावांच्या बडोद्याने फार आधी सोडवला होता. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं. खेड्यांत ग्रंथांच्या पेट्या फिरू लागल्या हे सगळे सांगतात. त्याच ग्रंथालय खात्यात निरक्षरांना चित्रं आणि सिनेमा दाखवणारी वेगळी शाखा होती, हे फारसं कुणी सांगत नाही. मला तीच जास्त मोलाची वाटते.

आमच्याकडे नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी आलं, मागून ऊस आला, माळीनगरला सासवड माळीचा कारखाना उभा राहिला. वाचनालयांना वर्गणी देणारे हात मिळाले, आणि कार्यक्रमाची वेळही शेतीनेच ठरवली: डेअरीला दूध घालून, जेवून, रात्री नऊला.

१९६७ साली ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदान सुरू झालं. ते नसतं तर निम्म्या वाचनालयांना कुलूप लागलं असतं, यात मला शंका नाही. पण अनुदानासाठी वाचनालयाचा वर्ग ठरताना पुस्तकं मोजली जातात, आणि मोजलं जाईल त्याचीच काळजी घ्यायची सवय आम्हा कारभाऱ्यांना लागली. आता १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. गेल्या खेपेला नव्या चिटणीसाला म्हटलं, कार्यक्रम रात्री नऊला ठेव, शेतातली माणसं येतील.

“सर, अकराला ठेवलाय,” तो म्हणाला. “शाळेची पोरं आयती मिळतात, फोटो भरगच्च येतो.”