हॉप्सची वाटणी

परवाच्या शनिवारी पाऊस उघडला आणि मी कुदळ घेऊन मागच्या अंगणात उतरलो. इथे पोर्टलंडमध्ये मार्च म्हणजे हॉप्सचे गड्डे फोडायचा महिना. शेजारचे आजोबा घर विकून लांब, मुलाकडे राहायला चाललेत. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच मला या वेलाचा तुकडा दिला होता. त्यांच्या कुंपणावरचा मूळ वेल केव्हाच मेला. आता जाताना त्यांना माझ्याकडचा तुकडा हवा होता.

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारा वेल (हे वाचून मामा गालातल्या गालात हसणार, ठाऊक आहे!). थंडीत वरचं सगळं मरतं, जमिनीखालचा गड्डा जगतो. कोंब वर यायच्या आत तो उकरायचा, दोन-तीन डोळे असलेले तुकडे कापायचे आणि दोनेक इंच खोल लावायचे. आई फोनवर म्हणाली, "म्हणजे केळीचा मुनवा काढतो तसंच की!" अगदी तसंच.

हॉप्समध्ये नर आणि मादी वेल वेगळे असतात. बिअरला लागतात ती मादी वेलाची फुलं. बी पेरलं तर काय निघेल याचा नेम नाही. तुकडा लावला तर मात्र तेच झाड पुन्हा उगवतं. म्हणजे हॉप्सची एखादी जात हे खरं तर एकच झाड, हातोहात पुढे गेलेलं.

आमचा वेल 'नगेट' जातीचा, ऑरेगनमध्येच तयार झालेला. पण त्याची वंशावळ शोधायला बसलो आणि निघालो थेट कॅनडात. १९१६ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, मॅनिटोबातल्या मॉर्डनच्या एका रानटी हॉप्सचा तुकडा डब्ल्यू. टी. मॅकून यांनी इंग्लंडला, केंटमधल्या वाय कॉलेजात प्रा. अर्नेस्ट सॅल्मन यांच्याकडे पाठवला. तिथे त्याला नाव मिळालं 'बीबी १'. मॅनिटोबाची हाडं गोठवणारी थंडी सोसलेला हा वेल इंग्लंडात काही फार वर्षं जगला नाही. पण मरण्याआधी आसपासच्या इंग्लिश नरवेलांमुळे त्याला बी धरलं होतं. १९१९ मध्ये त्या बियांपासून केलेल्या रोपांतून 'ब्रुअर्स गोल्ड' निघाला, आणि १९३४ मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला. आमच्या नगेटमध्ये त्याचाच वंश आहे. म्हणजे अटलांटिक ओलांडून गेलेल्या वेलाचं रक्त पुन्हा अटलांटिक ओलांडून इकडे आलं! वाय कॉलेजही २००९ मध्ये बंद झालं.

गड्डा फोडताना मनात येत होतं... आम्ही इकडे आलो तेव्हा स्वतःला तुकडाच समजत होतो. तेच झाड, फक्त माती दुसरी. लेक मात्र बियाची निघाली. तिच्यात काय काय आलंय ते अजून कळतंय. पूर्वी याचा त्रास व्हायचा. बीबी १ ची गोष्ट वाचल्यापासून जरा कमी होतो.

असो. तीन चांगले तुकडे निघाले. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आजोबांपुढे ठेवले. त्यांनी विचारलं, "यातला माझा कुठला?" मी म्हटलं, "तिन्ही तुमचेच." त्यांनी सगळ्यात लहान उचलला.

दोन उरलेत. पोर्टलंडच्या आसपास कुणाला हवे असतील तर कळवा, पण कोंब फुटायच्या आत!