बांधापलीकडचे पाणी : स्टीपलचेसची कुळकथा

तीन हजार मीटर स्टीपलचेस या शर्यतीत धावपटूचे बूट भिजणार हे नियमांतच गृहीत धरलेले असते. प्रत्येक फेरीत पाच अडथळे, त्यांतला चौथा पाण्याचा. पूर्ण शर्यतीत २८ कोरडे अडथळे आणि ७ वेळा पाणी. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, वरच्या तुळईची जाडी १२.७ सेंटिमीटर आणि पाण्याच्या अडथळ्याची अडथळ्यासकट लांबी ३.६६ मीटर. हे आकडे विचित्र वाटतात, पण फुटांत मोजले की सरळ होतात : तीन फूट, पाच इंच, बारा फूट. शर्यतीचे अंतर मीटरमध्ये आणि अडथळे फुटांत, अशी ही दुहेरी मोजणी. अंतर बदलत गेले, अडथळ्यांनी मात्र आपले जन्मगाव सोडले नाही. ते जन्मगाव नेमके कोणते, यावरच वाद आहे. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये असे म्हणतात. शर्यतीचे शोधायला हरकत नसावी.

नावापासून सुरुवात केली तर वाट आयर्लंडला जाते. ‘स्टीपल’ म्हणजे चर्चचा उंच मनोरा. ‘स्टीप’ म्हणजे चढ या शब्दाशी त्याचे नाते आहे. ‘चेस’ जुन्या फ्रेंचमधून आला आणि इंग्रजीतला ‘कॅच’ हा त्याचाच सख्खा भाऊ. दोघांचे मूळ लॅटिनमधल्या पकडण्याच्या क्रियापदात. क्रिकेटच्या बातमीत धावांचा ‘चेस’ आणि सुटलेला ‘कॅच’ एका ओळीत येतात, तेव्हा दोन भाऊ बऱ्याच शतकांनी शेजारी बसलेले असतात. १७५२ साली कॉर्क परगण्यात एडमंड ब्लेक आणि कॉर्नेलियस ओकॅलहन या दोघांनी पैज लावली आणि बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, सुमारे साडेचार मैल, घोडे थेट शेतांतून घातले. रस्ता नाही, खुणा नाहीत; समोर मनोरा दिसतो आहे आणि मधे जे येईल ते ओलांडायचे. आपल्याकडे देवळाचा कळस दिसला की गाव आले असे म्हणतात, तसा तिथे मनोरा.

ही कथा सुबक आहे आणि बहुतेक पुस्तके इथेच थांबतात. पण तिच्यात एक फट राहते. पैज १७५२ची असली, तरी ‘स्टीपलचेस’ हा शब्द छापील इंग्रजीत रुळलेला दिसतो तो अठराव्या शतकाच्या शेवटी. मधली चाळीसेक वर्षे तो बोलण्यात होता असे मानावे लागते. शिवाय रानातून घोडे पळवण्याचा शौक त्याआधीचाच आहे. शेक्सपिअरच्या काळात इंग्लंडमध्ये ‘वाइल्ड-गूज चेस’ नावाची घोडशर्यत होती : पुढचा स्वार नेईल तिकडे बाकीच्यांनी ठरावीक अंतर राखून जायचे, उडत्या हंसांच्या रांगेसारखे. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये तिचा उल्लेख आहे. तोच शब्दप्रयोग आज फुकटच्या धावाधावीसाठी वापरतात. तेव्हा आयर्लंडने शर्यत शोधली असे म्हणण्यापेक्षा तिला शेवट दिला असे म्हणणे रास्त ठरेल. हंसांच्या खेळात वाट पुढचा ठरवायचा. कॉर्कमध्ये ती मनोऱ्याने ठरवली. म्हणूनच नाव मनोऱ्याचे पडले.

घोड्यांची शर्यत पुढे कशी गेली हे सर्वज्ञात आहे : १८३० साली सेंट ऑल्बन्स, १८३९ साली लिव्हरपूलची ग्रँड नॅशनल, आणि त्याच वर्षी ओढ्यात कोसळून त्या ओढ्याला कायमचे आपले नाव देऊन गेलेला कॅप्टन बीचर.

खरा पेच घोड्यावरून माणूस केव्हा उतरला हा आहे. याचे रूढ उत्तर ऑक्सफर्डचे. १८५० सालच्या शरदात एक्झेटर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आपापसांत घोडशर्यत केली. हॅलिफॅक्स वायट नावाच्या विद्यार्थ्याच्या घोड्याने दगा दिला. त्या उंटावर पुन्हा बसण्यापेक्षा दोन मैल पायी पळेन, असे तो चिडून म्हणाला आणि मित्रांनी तेवढेच धरून ठेवले. मग बिन्सी गावाजवळच्या ओलसर शेतांत दोन मैलांची, २४ अडथळ्यांची पायी शर्यत ठरली. ती वायटनेच जिंकली.

या कथेला प्रतिस्पर्धी आहे आणि तो तगडा आहे. श्रूझबरी शाळेची मुले रानातून पळत असत, त्याच्या नोंदी १८३१ पासूनच्या आहेत. रग्बी शाळेची ‘क्रिक रन’ही ऑक्सफर्डच्या आधीची. तिथे कुंपणे ओलांडली जात, चर उडी मारून पार केले जात, चिखलाने अंग माखत असे. मग पायी स्टीपलचेसचे श्रेय एका चिडलेल्या विद्यार्थ्याला का द्यावे? अनेक अभ्यासक ते देत नाहीत. त्यांच्या मते रानातली धाव ही मूळ गोष्ट आणि स्टीपलचेस तिची फांदी.

पण शाळांच्या त्या धावांची परिभाषा वाचली की वेगळेच चित्र दिसते. खेळाचे नाव होते ‘ससा आणि कुत्रे’. एकदोन मुले ससे बनून पुढे पळत, वाटेवर कागदाचे कपटे टाकत. बाकीची मुले शिकारी कुत्री होऊन तो माग काढत. श्रूझबरीत तर या सगळ्या प्रकाराला ‘हंट’ म्हणजे शिकारच म्हणत. पुढे मोठ्या माणसांनी काढलेल्या धावण्याच्या क्लबांनी हीच नावे घेतली. लंडनमध्ये १८६८ साली सुरू झालेला क्लब स्वतःला ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ म्हणवतो, आणि ब्रिटनमधले कितीतरी क्लब आजही ‘हॅरिअर्स’ आहेत. हॅरिअर ही सशाच्या शिकारीसाठी पाळलेल्या कुत्र्यांची जात.

आता दोन्ही कथा शेजारी ठेवाव्यात. शाळेतली मुले शिकारीतल्या कुत्र्यांची सोंगे घेत होती. ऑक्सफर्डचा वायट आणि त्याचे मित्र घोड्यांची. कुत्रा माग काढतो, कळपाने धावतो, वाट त्याला सापडते. घोड्याला अंतर नेमून दिलेले असते, अडथळे मोजलेले असतात आणि त्याच्यावर पैज लागते. क्रॉस-कंट्री ही पहिल्याची वंशज, स्टीपलचेस ही दुसऱ्याची. एकाच शिकारीतून निघालेली ही दोन घराणी आहेत, एकमेकांचे बाप-लेक नव्हेत. हा बादरायण संबंध आहे असे म्हणणारे म्हणोत. पण एका शर्यतीत अडथळ्यांची संख्या पहिल्या दिवसापासून ठरलेली आणि दुसरीत कधीच नाही, याचे दुसरे स्पष्टीकरण सहजी मिळत नाही.

या मताला सर्वांत मोठा आधार पाण्याच्या अडथळ्यात दडलेला आहे. तो जवळून पाहण्यासारखा आहे. आधी तुळई येते, ती जमिनीत पक्की रोवलेली. तिच्यालगत लगेच पाणी, आणि तिथेच ते सर्वांत खोल : पूर्वी ७० सेंटिमीटर, आता साधारण ५०. तिथून तळ चढत जातो आणि बारा फुटांच्या शेवटी धावपट्टीला मिळतो. ओढ्याची ही आकृती नव्हे. ओढा मधोमध खोल असतो. ही आकृती शेताच्या हद्दीची आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी पार्लमेंटच्या कायद्यांनी मोकळी सामायिक शेते आणि गायराने वाटून कुंपणबंद केली गेली. हद्द घालण्याची पद्धत सोपी होती : चर खणायचा, निघालेली माती शेजारीच टाकून बांध करायचा, बांधावर काटेरी झुडपांची वई लावायची. वई आणि चर जोडीनेच जन्माला येत, एकमेकांना चिकटून. ज्याने आयुष्यात एकदा तरी बांधावरून भावकीचे भांडण पाहिले आहे, त्याला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. शिकारीला निघालेल्या स्वारासमोर मैलामैलावर हीच जोडी येई. जमीन मोकळी असताना घोड्याला उड्या माराव्या लागत नव्हत्या. कायद्याने कुंपणे घातली आणि उडी हा कौशल्याचा भाग झाला. त्या अर्थाने स्टीपलचेसचे अडथळे घोडेस्वारांनी नव्हे, मोजणीदारांनी आखले.

याच्या विरुद्ध एक चांगला मुद्दा मांडता येतो. तळाचा उतार हा निव्वळ सोयीचा आहे. लांब उडी मारणाऱ्याला उथळ पाणी मिळावे आणि घोटा मोडू नये एवढाच त्याचा हेतू. तो हेतू खराच आहे. पण सोय म्हणून बांधायचे तर पाण्याच्या आधी तुळई उभी करण्याचे कारण नव्हते. नुसता हौद पुरला असता. हौदाच्या तोंडाशी कुंपण उभे केले ते कुणाला तरी ती जोडी सवयीची होती म्हणून.

शेतातला हा बांध मैदानात कसा शिरला, तो टप्पा धूसर आहे. १८७९ पर्यंत इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत स्टीपलचेस आलेली होती, आणि दुसऱ्याच वर्षी हौशी खेळाडूंची संघटना स्थापन झाली ती ऑक्सफर्डमध्येच. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला दोन मैल लांबचे शेत दिसत नाही, म्हणून शेत गुंडाळून त्याच्यासमोर आणले गेले असावे. रान गेले, पण एक नमुना म्हणून पाणी राहिले.

ऑलिंपिकमधला प्रवास थोडक्यात सांगता येतो. १९०० साली पॅरिसला दोन शर्यती, २५०० आणि ४००० मीटरच्या. १९०८ साली लंडनला ३२००. १९२० साली अँटवर्पला ३०००, आणि तेव्हापासून तेच अंतर कायम. अपवाद १९३२चा. लॉस एंजेलिसमध्ये फेऱ्या मोजणाऱ्याचे लक्ष उडाले आणि सगळे धावपटू एक फेरी जास्त पळाले. फिनलंडचा इसो-होलो पहिला होताच, पण योग्य अंतरावर दुसरा असलेला अमेरिकेचा मॅक्लस्की त्या जादा फेरीत तिसरा झाला. पुन्हा शर्यत घेऊ म्हटले तर त्याने नको म्हटले. अडथळ्यांचे माप जगभर एकसारखे झाले ते १९५४ साली. तोवर विश्वविक्रम नोंदवण्यालाही अर्थ नव्हता. स्त्रियांना जागतिक स्पर्धेत ही शर्यत मिळायला २००५ आणि ऑलिंपिकमध्ये २००८ उजाडले.

१९६८ साली मेक्सिकोत केनियाचा एमोस बिवॉट हा नवखा धावपटू पाण्याच्या अडथळ्याला तुळईवर पाय देऊन इतकी लांब झेप घेई की पलीकडे कोरड्या पट्टीवर उतरे. बाकीच्यांचे बूट पाण्याने जड झालेले, याचे सुके. सुवर्णपदक त्याला मिळाले. त्यानंतर २०१६ पर्यंत केनिया ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये उतरला, तिथे या शर्यतीचे सुवर्ण त्याचेच झाले. १९७६ आणि १९८०ला तो उतरलाच नव्हता. ही मालिका मोरोक्कोच्या सुफियान अल बक्कालीने टोकियोत मोडली.

भाषांनीही ही शर्यत आपापल्या परीने ओलांडली आहे. फ्रेंच माणूस ‘स्टीपल’ एवढेच म्हणतो, म्हणजे पाठलाग गेला आणि मनोरा उरला. जर्मन तिला अडथळ्यांची धाव म्हणतो. इटालियन भाषेत ती ‘सिएपी’ आहे. सिएपी म्हणजे वया, शेताची कुंपणे! मनोरा, घोडा, शिकार सगळे गाळून इटलीने नेमका बांध उचलला. मराठीत ‘अडथळ्यांची शर्यत’ म्हणावे तर घोटाळा होतो, कारण ११० मीटर हर्डल्सलाही तेच नाव आहे, आणि हर्डल धक्क्याने पडते, स्टीपलचेसची तुळई ऐंशी ते शंभर किलोची असल्याने पडत नाही. पडतो तो धावपटू. शिवाय सरकारी कामांच्या बातम्यांनी हा शब्दप्रयोग केव्हाच पळवला आहे. त्यामुळे मराठी वर्तमानपत्रे ‘स्टीपलचेस’च लिहितात. ‘वई-चर शर्यत’ हे नाव अर्थाने अधिक अचूक ठरेल, पण ते कुणाच्या तोंडी बसण्याची शक्यता नाही.

मराठी वाचकाला हा शब्द परिचित झाला तो दोन दुष्काळी तालुक्यांमुळे. साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये, गेल्यावर या शर्यतीकडे वळला. गोपाल सैनीचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम त्याने २०१८ साली मोडला आणि मग स्वतःचेच विक्रम मोडत राहिला. राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके १९९८ पासून दर खेपेस केनियाकडे जात होती. ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅममध्ये साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरा आला. पहिल्या अब्राहम किबिवॉटपासून ०.०५ सेकंद मागे. शर्यत झाली ते अलेक्झांडर स्टेडियम बिन्सीच्या शेतांपासून शंभरेक किलोमीटरवर आहे, आणि ते घरचे मैदान आहे बर्चफील्ड हॅरिअर्सचे, म्हणजे कुत्र्यांच्या घराण्याचे.