चुकलेलं बारसं

‘हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलॅटम’ हे नाव तीन तुकड्यांचं, आणि त्यातले दोन चुकलेले. ना हा जीव हिवतापाच्या प्लाझ्मोडियमचा भाऊबंद, ना त्याच्या अंगावर कॅप्सूल, म्हणजे कवच. खरा ठरला तो फक्त ‘हिस्टो’: ऊतींतल्या ज्या भक्षक पेशींनी जंतू गिळून संपवायचे, त्यांच्याच पोटात हा बिऱ्हाड थाटतो.

बारसं झालं पनामात, कालव्याचं खोदकाम चालू असताना. डिसेंबर १९०५ मध्ये अँकॉनच्या रुग्णालयात डॉक्टर सॅम्युअल डार्लिंग यांच्यासमोर मार्टिनिक बेटावरून आलेल्या एका सुताराचा मृतदेह होता. फुप्फुसांत बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी. क्षय म्हणून कागद मिटता आला असता. पण काचपट्टीवर क्षयाचे जंतू नव्हते. पेशींमध्ये दाटीवाटीने बसलेले वाटोळे ठिपके होते. दोनच वर्षांपूर्वी लेशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी काळ्या आजाराचा परजीवी दाखवला होता. डार्लिंगना तोच आठवला. त्या परजीवीत केंद्रकाशेजारी एक बारीक दांडी असते, ती इथे दिसेना. म्हणून त्यांनी नाव नवं दिलं, कूळ मात्र आदिजीवांचंच ठेवलं. रंग देताना आतला ऐवज आक्रसला आणि भोवती मोकळी कड राहिली. तिलाच ते कवच समजले.

१९१२ मध्ये हॅम्बुर्गला रोशा-लिमा यांनी ही बुरशी असावी असं सुचवलं. ते सिद्ध व्हायला मात्र एक तान्हं मूल यावं लागलं.

ते आलं अमेरिकेत नॅशव्हिलला, व्हँडरबिल्टच्या रुग्णालयात. अशा बाळांचं चित्र फसवंच असतं. ताप आठवडेच्या आठवडे हटत नाही, वजन उतरतं, चेहरा पांढराफटक पडतो. पोट पुढे आलेलं; हात लावला तर यकृत आणि पानथरी, दोन्ही वाढलेली. अस्थिमज्जेत शिरकाव झाला की तांबड्या-पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट एकदमच घसरतात. क्षय म्हणा, काळा आजार म्हणा, रक्ताचा कर्करोग म्हणा, सगळ्यांची लक्षणं जुळतात. एडना टॉम्पकिन्स आणि कॅथरीन डॉड यांना त्या बाळाच्या रक्ताच्या थेंबातच पेशींत बसलेला हा जीव दिसला, तोही बाळ जिवंत असताना. बाळ वाचलं नाही. पण तिथल्याच डीमॉनब्रून यांनी तो जीव प्रयोगशाळेत वाढवला आणि १९३४ मध्ये जाहीर केलं: खोलीच्या तापमानाला कापसासारखी बुरशी, शरीराच्या उबेत यीस्ट. एकच जीव, दोन सोंगं.

पुढे १९४५ मध्ये तिथल्याच क्रिस्टी आणि पीटरसन यांनी मुलांच्या फुप्फुसांच्या क्ष-किरण चित्रांतले चुन्याचे ठिपके तपासले. क्षयाची कातडीवरची चाचणी नकारार्थी आलेल्या बऱ्याच मुलांत हिस्टोप्लाझ्मिनची, म्हणजे याच बुरशीच्या अर्काची, होकारार्थी आली. म्हणजे हा संसर्ग दुर्मीळ नव्हताच. बहुतेक मुलं तो नकळत पचवत होती, आणि पसरून जिवावर बेतायचा तो मुख्यतः तान्ह्यांच्या व दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या मुलांच्या. १९४९ मध्ये एमन्स यांना ही बुरशी मातीत सापडली. पाखरांची नाहीतर वटवाघळांची विष्ठा मिसळलेली माती तिला मानवते. धूळ उडाली की बीजाणू श्वासातून आत. माणसाकडून माणसाला ती लागत नाही.

भारतातली पहिली नोंद १९५४ ची, कलकत्त्याची. म्हणजे नेमकी काळ्या आजाराच्या मुलखातली.

बुरशीचं कूळ ठरलं, तरी नाव राहिलं. रीतसर ठेवलेलं नाव अर्थाने चुकलं म्हणून बदलायचं नाही, असा नामकरणाचा नियम. आणि आजही लहान मुलाची मज्जा भिंगाखाली आली, पेशींत दोन-चार मायक्रॉनचे ठिपके दिसले, की आधी शोधतात ती डार्लिंगना न दिसलेली दांडीच. ती नसली, की काचपट्टीला चांदीचा रंग देतात. बुरशी असेल तर कडा काळ्या होऊन उठतात.