झोंप आवरणारीं औषधें

गोंदियाहून गोरेगांवमार्गें दक्षिणेकडे उतरणारी सडक मुंबई-कलकत्ता हमरस्त्याला जेथें छेदते, तेथें कोहमारा हें गांव आहे. पश्चिमेस साकोली, भंडारा आणि नागपूर, पूर्वेस देवरी आणि पुढें छत्तीसगडांतील रायपूर, दक्षिणेस नवेगांवबांध. नागपूर ते रायपूर हा ह्या रस्त्याचा तुकडा इंग्रजी अमदानींत ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ ह्या नांवानें ओळखला जाई. पुढें तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला आणि २०१० सालच्या नव्या क्रमवारींत त्याचा आंकडा ५३ ठरला. ज्या तालुक्यांत हें गांव येतें, त्याचें नांवच सडक अर्जुनी. रस्त्यावरून ज्या मुलुखाची ओळख पटते, तेथें रस्त्यावरच्या माणसाच्या झोंपेचा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाहीं.

रात्रीं ह्या चौकांतून गोंदियाचा तांदूळ जातो, भिलाईकडील लोखंड जातें. पुढें दोन्ही बाजूंस नवेगांव-नागझिऱ्याचें रान. त्याला २०१३ सालीं व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. काळोख, एकसुरी रस्ता आणि इंजिनाची घरघर ह्यांच्या जोडीला घड्याळाचा तो कांटा, जो पहांटे दोन ते पांचच्या दरम्यान निरोगी माणसाच्याहि पापण्या जड करतो. चालकाजवळ ह्यावर दोन जुने उपाय आहेत: टपरीवरचा चहा, आणि विदर्भांत घरोघर ठाऊक असलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा. चहांतील कॅफीन आणि तंबाखूंतील निकोटिन हीं दोन्हीं खरोखरच मेंदूला डिवचणारीं द्रव्यें आहेत, म्हणून ह्या उपायांना केवळ वेडगळ समजूत म्हणतां येत नाहीं. मात्र त्यांनीं मिळतो तो घटकाभराचा उसना वेळ. खर्ऱ्याची किंमत तर पुढें तोंडाला आणि घशाला मोजावी लागते.

सरकारनें ह्या प्रश्नाकडे औषधाच्या नव्हे, तर घड्याळाच्या बाजूनें पाहिलें, आणि तें योग्यच होतें. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें चालकाचें काम दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांपर्यंत बांधून दिलें, व पांच तासांनंतर निदान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची अट घातली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेंहि त्याच तासांचा हवाला दिला. ह्या बंधनामागें शास्त्र किती भक्कम आहे, हें ऑस्ट्रेलियांतील डॉसन आणि रीड ह्या संशोधकांनीं १९९७ सालीं दाखवून दिलें. सतरा तास सलग जागलेल्या माणसाच्या हाताची आणि नजरेची चपळाई, रक्तांत शंभर मिलिलिटरमागें ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी ढिली पडते. आपल्याकडील कायद्यानें वाहनचालकाला घालून दिलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. तेव्हां एक थेंबहि न घेतलेला, परंतु रात्रभर जागलेला चालक वस्तुतः त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलेला असतो. फरक इतकाच कीं, झोंप मोजणारें यंत्र नाक्यावरच्या पोलिसाजवळ नसतें.

मग झोंपच आवरून धरणारें एखादें औषध कां नसावें? निद्रेवर विजय मिळविण्याची हौस आपल्याकडेहि जुनी आहे. अर्जुनाला गुडाकेश, म्हणजे निद्रेचा स्वामी, म्हटलें गेलें, आणि विद्यार्थ्याला कुत्र्याची सावध झोंप घेण्याचा उपदेश झाला. चरकसंहितेनें मात्र आहार आणि ब्रह्मचर्य ह्यांच्या बरोबरीनें निद्रेला शरीराच्या तीन आधारस्तंभांत बसविलें, हें त्या हौशी माणसांनीं सोयिस्करपणें विसरावें असेंच आहे. औषध शेवटीं निघालें खरें; परंतु तें चालकांसाठीं किंवा परीक्षार्थींसाठीं निघालें नव्हतें. तें निघालें एका दुर्मिळ रोगासाठीं, आणि त्याचा सारा पुढील इतिहास ह्या एका गोष्टीचा विसर पडल्यानें बिघडत गेला.

१८८० सालीं झेलिनो नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें ३८ वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. हा गृहस्थ दारूच्या पिंपांचा व्यापारी होता. दिवसांतून दोनशें दोनशें वेळां त्याला झोंपेचा झटका येई. जेवतांना, बोलतांना, चालतांना. हंसूं आलें कीं पायांतील बळच नाहींसें होई. झेलिनोनें ह्या विकाराला ‘नार्कोलेप्सी’ हें नांव दिलें. अशा माणसाला आळशी, मंद, कुंभकर्ण असें म्हणून सोडून देण्याची जगभर रीत होती, व अनेक घरांतून ती अद्यापि गेलेली नाहीं. त्याच्या दुःखाला रोगाचें नांव मिळालें, हीच पहिली सुधारणा.

उपाय सांपडण्यास मात्र पन्नास वर्षें गेलीं. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई ह्यांनीं १८८५ सालीं मा-हुआंग ह्या चिनी वनस्पतींतून एफेड्रिन वेगळें काढलें होतें. १९३१ सालीं तें नार्कोलेप्सीच्या रुग्णांना देऊन पाहण्यांत आलें. त्याहून प्रबळ निघालें अँफेटामिन. एडेलेआनु ह्या रुमानियन रसायनज्ञानें तें १८८७ सालींच बर्लिन येथें तयार केलें होतें, परंतु त्याचा उपयोग काय हें कोणास ठाऊक नव्हतें. अमेरिकेंत दम्याच्या व सर्दीच्या औषधाचा शोध चालला असतां तें पुन्हां हातीं आलें, बेंझेड्रिन ह्या नांवानें चोंदलेलें नाक मोकळें करण्यासाठीं विकलें जाऊं लागलें, आणि १९३५ सालीं प्रिन्झमेटल व ब्लूमबर्ग ह्या दोघां डॉक्टरांनीं तें नार्कोलेप्सीवर गुणकारी असल्याचें नोंदविलें. झेलिनोचा पिंपवाला हयात असता तर त्यानें ह्या गोळीचे उपकार मानले असते.

पण दोन वर्षें होतात न होतात तोंच मिनेसोटा विद्यापीठांतील विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्रीं बेंझेड्रिन घेत असल्याचा बोभाटा झाला. पाठोपाठ महायुद्ध आलें. जर्मनींत १९३८ पासून ‘पर्व्हिटिन’ ह्या नांवानें मेथअँफेटामिनच्या गोळ्या दुकानांतून मिळत होत्या. १९४० च्या एप्रिल ते जुलै ह्या चार महिन्यांत, फ्रान्सवरील स्वारीच्या ऐन काळांत, तेथील लष्कराला अशा साडेतीन कोटींहून अधिक गोळ्या पुरविण्यांत आल्या. सैनिक तीन तीन दिवस न झोंपतां पुढें सरकले, हें खरें. नंतर त्यांपैकीं कित्येक थकून कोसळले, हेंहि तितकेंच खरें. आणि १९४१ सालीं त्याच राजवटीला पर्व्हिटिन अफूच्या कायद्याखालीं आणावें लागलें. इंग्रज व अमेरिकन फौजांनीं बेंझेड्रिन वापरलें. जपानांत ‘हिरोपॉन’ नांवाची तशीच गोळी होती. युद्ध संपल्यावर तिचे शिल्लक सांठे बाजारांत आले, आणि पराभवानें पिचलेल्या त्या देशांत व्यसनाची अशी लाट उठली कीं, १९५१ सालीं स्वतंत्र कायदा करून ती रोखावी लागली. ज्या देशांतील शास्त्रज्ञानें एफेड्रिन शोधलें, त्याच देशावर ही पाळी यावी, हा इतिहासाचा एक कडवट योग म्हणावयाचा.

कोहमाऱ्यासारख्या चौकाच्या दृष्टीनें अधिक बोलकी हकीकत अमेरिकेंतील हमरस्त्यांवरची आहे. युद्धोत्तर वर्षांत तेथील ट्रकचालक रस्त्याकडेच्या खाणावळींत आणि पेट्रोलपंपांवर ह्या गोळ्या चोरून विकत घेत. विक्रीचा छडा लावण्यासाठीं औषध-प्रशासनाच्या निरीक्षकांना स्वतः चालकाचा वेष घेऊन ट्रकमधून हिंडावें लागलें. गोळीनें झोंप गेली तरी थकवा जात नसे. चालकाला आपण ताजेतवाने आहोंत असें वाटे, परंतु त्याचा अंदाज चुके. कित्येकांना रस्त्यावर नसलेल्या वस्तु दिसूं लागत. मनुष्याला पेंग येते तेव्हां निदान तो सावध तरी होतो. येथें धोक्याची घंटाच काढून घेतलेली असे. अँफेटामिनच्या सर्व दोषांत हा दोष सर्वांत मोठा.

१९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें ह्या कुळांतील द्रव्यांवर जगभर नियंत्रण आलें. भारतांत १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानें अँफेटामिन आणि त्याचे भाऊबंद ह्यांच्याभोंवतीं कुंपण घातलें. पुढें नार्कोलेप्सीवर वापरांत आलेलें मेथिलफेनिडेट हेंहि त्याच कुंपणाच्या आंत आहे.

आज झोंप आवरण्यासाठीं जें औषध डॉक्टर बहुधा लिहून देतात, तें मोडाफिनिल. १९७० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील लाफों ह्या औषध कंपनींत तें जन्मलें. निद्राशास्त्राचे एक आद्य संशोधक मिशेल झूव्हे ह्यांनीं तें नार्कोलेप्सीच्या रुग्णांवर अभ्यासिलें. अमेरिकेंत त्याला डिसेंबर १९९८ मध्यें परवानगी मिळाली. अँफेटामिनच्या मानानें तें सौम्य, व्यसनाचा धोका कमी, शून्य नव्हे.

योगायोग असा कीं, नार्कोलेप्सीचें मूळहि त्याच सुमारास उकललें, आणि तें कुत्र्यांमुळें! स्टॅनफर्ड विद्यापीठांत डॉबरमन कुत्र्यांचें असें एक कुळ सांभाळलें होतें, ज्यांतील कुत्रीं आवडीचें खाणें पाहतांच आनंदानें गळून जमिनीवर पडत. श्वाननिद्रेचा हा अर्थ आमच्या सुभाषितकारांना खचित ठाऊक नसावा. १९९८ सालीं मेंदूंतील ओरेक्सिन हें जागेपण टिकविणारें द्रव्य सांपडलें. १९९९ सालीं ह्या कुत्र्यांत तें ग्रहण करणारी यंत्रणाच बिघडलेली आढळली. आणि २००० सालीं असें दिसलें कीं, नार्कोलेप्सीच्या रुग्णांच्या मेंदूंत ओरेक्सिन निर्माण करणाऱ्या पेशी बहुतेक नष्ट झालेल्या असतात. ज्याला आपण आळशी म्हणत होतों, त्याच्या मेंदूंत एक दिवाच विझलेला होता.

परंतु दिवसा पेंगणारा प्रत्येक मनुष्य नार्कोलेप्सीचा रुग्ण नसतो. पुष्कळांची झोंप केवळ अपुरी असते. त्यांना औषध नव्हे, अंथरूण पाहिजे. दुसरे पुष्कळ जण रात्रभर घोरतात आणि घोरतां घोरतां त्यांचा श्वास अडतो. आठ तास पडून राहूनहि त्यांना विश्रांति मिळत नाहीं. मुंबईंत डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी ह्यांनीं मध्यम वयाच्या २५० पुरुषांची झोंप यंत्रावर तपासून २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत रात्रीं श्वास अडण्याचा दोष १९.५ टक्क्यांत आणि त्यापायीं दिवसा पेंग येण्याचा विकार ७.५ टक्क्यांत आढळला. ह्या रोगावर खरा उपाय १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांतील कॉलिन सलिव्हन ह्यांनीं काढलेला, नाकावाटे दाबानें हवा देणारा मुखवटा. मोडाफिनिलनें अशा रुग्णाचे डोळे उघडे राहतील, पण अडलेला श्वास अडलेलाच राहील, आणि हृदयावरचा ताणहि. मुखवटा नियमानें लावूनहि पेंग उरली, तरच कांहीं डॉक्टर गोळीचा विचार करतात. युरोपच्या औषध-संस्थेनें तर २०१० सालीं फायद्यातोट्याचा हिशेब पुन्हां मांडून, श्वास अडण्याच्या विकारासाठीं आणि रात्रपाळीच्या पेंगेसाठीं हें औषध वापरूं नये, तें केवळ नार्कोलेप्सीपुरतें ठेवावें, असा निर्णय दिला. अमेरिकेनें तीं कारणें कायम ठेविलीं आहेत. जाणत्यांतहि येथें एकमत नाहीं, हें दुकानदाराला विचारून गोळी घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

म्हणून निदान आधीं. नागपुरासारख्या शहरांतून आतां झोंपेची तपासणी होऊं शकते. रुग्णाला एक रात्र यंत्रांच्या तारा लावून निजवितात. नार्कोलेप्सीचा संशय असल्यास दुसऱ्या दिवशीं दर दोन तासांनीं चार-पांच वेळां छोटी डुलकी घ्यावयास सांगून, झोंप किती मिनिटांत लागते तें मोजतात. घरच्या माणसांची साक्षहि येथें मोलाची, कारण आपण घोरतों हें घोरणाऱ्याला कधींच ठाऊक नसतें.

मोडाफिनिल आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावयाचें औषध आहे. शरीरांतील त्याचें प्रमाण निम्म्यावर येण्यास बारा ते पंधरा तास लागतात. ह्यास्तव तें सामान्यतः सकाळीं घेतात. दुपार टळल्यावर घेतलेली गोळी त्या रात्रीची झोंप खाते, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां गोळीची गरज भासते. हें चक्र अनेकांनीं अजाणतां स्वतःभोंवतीं फिरवून घेतलें आहे. रक्तदाब, हृदयाचा विकार किंवा पूर्वीं झालेला मानसिक आजार डॉक्टरांपासून लपवूं नये. अंगावर पुरळ, तोंडांत फोड किंवा ताप दिसतांच गोळी थांबवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा, कारण क्वचित् हें पुरळ प्राणांवर बेततें. स्त्रियांसाठीं एक गोष्ट स्पष्टपणें सांगावयास हवी. ह्या औषधानें संततिनियमनाच्या गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, आणि तें बंद केल्यावरहि महिनाभर तसाच राहूं शकतो; गर्भावर दुष्परिणाम होण्याचा इशारा २०१९ सालीं युरोपांतून दिला गेला आहे, तेव्हां दुसरी योजना डॉक्टरांशीं आधींच ठरवावी. मद्याबरोबर ही गोळी घेऊं नये, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्यानें वापरूं नये.

चालकाच्या बाबतींत तर सूचना आणखी कडक आहे. औषध सुरू केल्यावर त्याचा आपल्यावर काय परिणाम होतो हें नीट कळेपर्यंत गाडी हांकूं नये, आणि पेंग पूर्णपणें गेली असें गृहीत धरूं नये, असें ह्या जागेपणाच्या गोळीसोबत येणाऱ्या माहितीच्या कागदावरच छापलेलें असतें.