गाव वैजापुरात, टेशन गंगापुरात

मंडळी, बाहेरचा पाहुणा लासूर स्टेशनला उतरला की हमखास विचारतो, "मग लासूर कुठंय?" लासूरगाव शिवनाकाठी, दाक्षायणी देवीचं, वैजापूर तालुक्यात. त्याचं नाव लावलेलं टेशन मात्र गंगापूर तालुक्यात. 1900 च्या सुमारास निजामाची मीटरगेज मनमाडहून सिकंदराबादकडे गेली, रुळाशेजारी बाजार बसला, बाजाराशेजारी वस्ती. आपलं गाव रेल्वेनं वसवलं.

दुसरी रेघ गोदावरीची. कायगावच्या पुलावर उभं राहा. पलीकडं नेवासा. 1947 पर्यंत तिकडं इंग्रज, इकडं निजाम. बोली एक, सोयरीक एक. पण तिकडं मामलेदार आणि मराठी कागद, इकडं तहसीलदार आणि उर्दू दफ्तर. अख्ख्या हैदराबाद संस्थानात मराठी बोलणारे साधारण चौथा हिस्सा. मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांत मात्र तेच बहुसंख्य. म्हणजे शेतात, बाजारात, घरात मराठी, आणि जमिनीच्या कामाला कचेरीत गेलं की दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं.

17 सप्टेंबर 1948 ला निजामी संपली. 1956 ला आपण मुंबई राज्यात, 1960 ला महाराष्ट्रात. दफ्तर मात्र जुनंच राहिलं. म्हणून तर 2023 ला कुणबी नोंदी शोधताना न्या. शिंदे समितीच्या कामाला उर्दू आणि मोडी वाचणारे लागले.

आता 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयापासून चहाच्या टपरीवरही 'हैदराबाद गॅझेट' चालू आहे. कोण बरोबर, कोण चूक, तो वाद इथं नको (कमेंटमध्येही नको, हात जोडतो). एवढंच सांगतो, गॅझेटियरमध्ये कुठल्या जातीचे किती लोक हे आकडे असतात, तुमच्या पणजोबांचं नाव नसतं. नाव सापडलं तर गावच्या जुन्या नोंदीत, खासरा पत्रकात, शाळेच्या रजिस्टरात. तिथं शोधा.

आणि पुढची मोजणी दारात आहे. 2011 नंतर जनगणना झालीच नाही. मधल्या काळात टेशनवर किती प्लॉटिंग पडली, किती खेड्यांतली माणसं इथं राहायला आली, आपण बघतोच. आता 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरली आहे, आणि 1931 नंतर पहिल्यांदा सगळ्या जाती मोजल्या जाणार आहेत. प्रगणक आला की "लिहा काय लिहायचं ते" म्हणून मोकळं होऊ नका. जात, मातृभाषा, राहण्याचं ठिकाण, काय भरलं ते समोर वाचून घ्या. वावरात वस्तीवर राहणाऱ्यांनाही सांगा, तिथलीच घरं सुटतात.