सागवानाच्या गावात प्लायवूड

चंद्रपूरला घराचं काम काढलं. सुताराने सागवानाचा भाव सांगितला आणि आम्ही मुकाट्याने वॉटरप्रूफ प्लाय घेतलं. सागाच्या जंगलाशेजारी राहून!

या प्लायचे थर धरून ठेवतं ते फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं रेझिन. फिनॉल येतं खनिज तेलातून. बेंझिन आणि प्रोपिलीन जोडून क्युमीन करायचं, त्यात साधारण १०० अंशांना हवा सोडायची. तयार होणारं पेरॉक्साइड स्फोटक असतं. ते आम्लाने जपून फोडलं की फिनॉल मिळतं, आणि दर किलोमागे सुमारे ६०० ग्रॅम ॲसिटोनही. हॉक आणि लांग यांनी जर्मनीत १९४४ साली ही प्रक्रिया प्रसिद्ध केली. १९७०च्या सुमारास ठाणे-बेलापूर पट्ट्यात हर्डिलिया केमिकल्सने ती आणली.

पहिल्या महायुद्धाआधी मात्र ॲसिटोन लाकडातून काढत, बंद भांड्यात लाकूड तापवून. तेलाने जंगलाचं ते काम घेतलं. मला वाटलं, चला, झाडं वाचली. पण प्लायमध्ये रेझिन थोडं, बाकी सगळं लाकूडच. तेल आलं ते चिकटवण्यापुरतं. तोड थांबलेली नाही.