पाइप बदलला, जोडायची सवय जुनीच

जिंतूरकरांनो, पोस्ट थोडी मोठी आहे. पण तुमच्या गल्लीत पाइपलाइनचं काम चालू असेल तर चर बुजायच्या आत वाचा.

मराठवाड्याला नळ नवा नाही. 17व्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरात नहर आणली. ते पाणी खापरी नळांतून शहरात फिरलं. पुढे बिडाचे पाइप आले, त्यांचे सांधे शिसं ओतून बंद करत. मग जीआय आला. आटे पाडा, सुतळी-सफेदा लावा, पान्ह्याने आवळा. आपल्या मिस्त्रींच्या दोन पिढ्यांचा हात यावरच बसला.

नंतर प्लास्टिक आलं, आणि तिथेच घोळ झाला. कारण प्लास्टिक एक नाही.

पीव्हीसीला सोल्यूशन लागतं, ते पाइपाचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. गरम पाण्याच्या सीपीव्हीसीचं सोल्यूशन वेगळं. या दोघांची गाठ घालायची तर आट्यांचा अ‍ॅडॉप्टर वापरायचा, एकमेकांत कोंबून चिकटवायचं नाही. आणि निळ्या पट्टीचा काळा एचडीपीई? त्याला कुठलंच सोल्यूशन धरत नाही. तो मशीनवर तापवून जोडायचा, नाहीतर कॉम्प्रेशन फिटिंग लावायची. जुन्या जीआयला प्लास्टिक जोडताना बाहेरचे आटे प्लास्टिकचे ठेवा, टेफ्लॉन टेप लावा, बेताने आवळा. लोखंड प्लास्टिकच्या आत घुसवून आवळलं की फिटिंग तडकलीच म्हणून समजा.

पण आपल्याकडे काय होतं? सायकलची ट्यूब, वर तार. झालं काम!

15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशन जाहीर झालं. माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने द्यायचं ठरलं. येलदरी धरण तर आपल्याच तालुक्यात, पूर्णेवर. पण धरण भरलेलं असलं तरी पाणी सांध्यातूनच जाणार ना? आणि नुसतं गळून थांबत नाही. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो, आणि त्याच फटीतून शेजारच्या नालीचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पहिली कळशी त्याचीच भरते. मग लेकरांना जुलाब लागले की आपण दोष पावसाळ्याला देतो.

म्हणून एवढंच करा. मिस्त्रीला विचारा, "हा पाइप कुठला, अन् सांधा कशाने केला?" चर बुजायच्या आधी पाणी दाबाने सोडून दाखवायला सांगा. वरून माती पडली की सांधा दिसत नाही, बिल तेवढं निघतं.